प्रदीपच्या गाडीतला अलार्म

मी गाडीतला अलार्म बोलतोय. घाबरू नका, या घडीला गाडीला कोणी हात लावलेला नाही. मला ओरडायची सवय आहे, हळू बोलणं नीट जमत नाही. तेवढं सांभाळून घ्या.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. मला जाग आली ती बोईसरच्या एका दुकानात, सीटकव्हरच्या ढिगाऱ्यात. तिथून दांडी गावच्या प्रदीपने मला उचललं. त्याची जुनी व्हॅन होती. मागच्या सीट काढून तो त्यात मासळीचे टब भरायचा आणि बोईसरच्या बाजारात न्यायचा. एकदा तो चहा पिईपर्यंत कोणीतरी गाडीतला जॅक पळवला, म्हणून मी आलो.

माझ्या अंगावर एक बारीक स्क्रू आहे. तो जितका फिरवाल तितका मी हळवा होतो. दुकानदार धर्मेश बेताने फिरवत होता. प्रदीप म्हणाला, "पूर्ण फिरव. मांजर चढली तरी कळायला पायजे."

दुपारी घरी आला की प्रदीप रिमोट दाबून गाडी लॉक करायचा. मी दोनदा टुक टुक करायचो. तेवढं ऐकून त्याची आई शकूबाय ताट वाढायला घ्यायची. धाकटा भाऊ भावेश खाटेवर लोळत असायचा. प्रदीप त्याला पायानेच हलवायचा आणि टब धुवायला पिटाळायचा. भावेश शाळेतून लवकर सुटला तो सुटलाच; कामातूनही सुटायला बघायचा.

पावसाळा सरता सरता प्रदीप तापाने गेला. दवाखान्यात त्याला रिक्षाने नेलं. रिक्षात बसण्याआधी त्याने माझ्याकडे वळून बटण दाबलं. त्यानंतर त्याच्या हाताचं बटण नाही.

गाडी अंगणात तशीच राहिली. मग बोंबलांचे दिवस आले, दुपारचा वारा सुटला, आणि मी ओरडायला लागलो. गाडीला हिसका बसला की ओरडायचं, एवढंच मला शिकवलेलं. हिसका कोणी दिला ते मला दिसत नाही.

वेळ नेमकी प्रदीपच्या येण्याची. शकूबाय धावत बाहेर यायची. "आला गो माझा." ओट्यावर ताट ठेवायची आणि बसून राहायची. तो जेवल्याशिवाय मी कशी जेवू, म्हणायची. भावेश रिमोटने मला गप्प करायचा, तर ती परत लॉक करायला लावायची. प्रदीपने लावलेलं कुलूप कोणी काढायचं नाही. बघता बघता तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

शेजारची ठकी म्हणाली, भगताला दाखवा. कोणी म्हणालं, गाडी विकून टाका. भावेशने कोणाचंच ऐकलं नाही. पकड घेऊन आला, बॉनेट उघडलं आणि माझी लाल वायर पकडीत धरली. मला वाटलं, संपलो. पण त्याचा हात थांबला. "दादाने लावलाय हा," तो स्वतःशीच म्हणाला आणि पकड झुडपात फेकून दिली. मग शेजाऱ्याची पकड होती हे आठवून तीच शोधत बसला.

त्याने धर्मेशला फोन लावला. बॉनेट उघडलं की अलार्मला कळवणारं बटण असतं ते बघ, समुद्राकाठी गंजतं, धर्मेश म्हणाला. भावेशने ते पॉलिश पेपरने घासलं. मी ओरडलोच. बॅटरी काढून चार्ज करून आणली. मी आणखी जोरात ओरडलो. शेवटी त्याने तो स्क्रू पार उलटा फिरवला, आणि मी मुका झालो.

त्या दुपारी शकूबाय ताट घेऊन दारात बसली. ऊन ओट्यावरून उतरलं तरी बसलेली. "आज नाय आला," ती म्हणाली. "रागावला काय माज्यावर?"

भावेश उठला आणि त्याने स्क्रू परत पूर्ण फिरवला. मला त्याच्याशी बोलता येत असतं तरी मी त्याला शाबासकीही दिली नसती आणि रागावलोही नसतो.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच गाडीत जाऊन बसला. दारं लावली, लॉक केली, आणि दादाच्या सीटवर श्वास रोखून वाट बघितली. वारा आला. अख्खी गाडी एका बाजूला ओढली गेल्यासारखी हलली आणि मी बोंब ठोकली. भावेश उडी मारून बाहेर पडला, घरातून न दिसणाऱ्या पलीकडच्या बाजूला गेला आणि तिथेच उभा राहिला.

गाडीच्या टपावरच्या कॅरिअरला दोरी बांधलेली होती. दोरीवर ओले बोंबील, जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले, वजनाने लोंबणारे. वारा आला की सगळी ओळ झोके घ्यायची. दोरीचा जुना खांब कुजून पडला होता. आता गाडी कुठे जात नाही, म्हणून शकूबायनेच दोरी तिला बांधली होती.

एवढ्यात ती ताट घेऊन आली. भावेशने रिमोटने मला थांबवलं, परत लॉक केलं आणि दोरी हाताने ओढली. मी ओरडलो. थांबवलं, लॉक केलं, पुन्हा ओढली. मी पुन्हा ओरडलो.

"आये," तो म्हणाला, "दादा नाय येत. ही दोरी हाय."

शकूबायने ताट खाली ठेवलं आणि कॅरिअरवरची गाठ चाचपली.

"गाठ माजीच हाय," ती म्हणाली. "म्हंजे रोज मीच त्याला हाका मारीत होते."

ती चाकाला टेकून खाली बसली आणि प्रदीप गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. भावेश तिच्या शेजारी बसला. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, ताट पुढे ओढलं, भात कालवला, एक घास भावेशला दिला आणि एक स्वतः खाल्ला. मग उठून तिने स्वतःच्या हाताने ती गाठ सोडली.

आता गाडी भावेश चालवतो. गिअर टाकताना अजून गचके देतो. चालू गाडीत मला बोलायची परवानगी नाही, नाहीतर रोज बोईसरपर्यंत ओरडत गेलो असतो.

तुमच्या शेजारी माझ्यासारखा कोणी उगाच ओरडत असेल, तर खुशाल शिव्या द्या. पण वायर तोडायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारा. आणि मग आत जाऊन घरातलं कोण उपाशी आहे, तेही बघा.