एकट्या बाईची खोली

डोंगरातल्या हिता गावात ताकिनोचं हजामतीचं दुकान होतं. बापानंतर तिनेच ते चालवलं. लग्न केलं नाही, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नाही. पण खुर्चीत मान टाकून बसलेलं जे ते गिऱ्हाईक नागासाकीची वर्णनं करायचं. बंदर काय, बाजार काय, चिनी गल्लीतलं खाणं काय! ताकिनो वर्षानुवर्षं नुसतं "हो का?" म्हणत वस्तरा चालवायची. शेवटी पन्नाशी गाठायच्या आत एका वसंतात तिने दुकानाला कुलूप घातलं, बॅग भरली आणि गाडीत बसली. वस्तराही बॅगेत टाकला. तो कुणाच्या भरवशावर मागे ठेवायची तिची रीत नव्हती.

दगडी पायऱ्यांच्या उतारावरच्या एका जुन्या लॉजमध्ये तिने पत्र पाठवून वरच्या मजल्यावरची, बंदर दिसणारी खोली ठरवली होती. मालकीणबाई दारातच वाकून नमस्कार करत उभ्या होत्या. नमस्कार झाल्यावर त्यांनी ताकिनोच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं.

"बाकीची मंडळी मागून येतायत वाटतं?"

"मंडळी कुठली? मी एकटीच."

मालकीणबाईंचं हसू जागच्या जागी थिजलं. "एकट्याच... बरं, बरं. पण ती वरची खोली गळते हो. तुम्हाला खालचीच देते. स्वयंपाकघराला लागून, चांगली उबदार!"

ताकिनो चपला काढतेय तोवर टाय लावलेला एक फिरता विक्रेता आला. तोही एकटाच. मालकीणबाईंनी त्याला काही न विचारता वरची किल्ली दिली आणि गळक्या खोलीकडे तो शीळ घालत चढून गेला. ताकिनोच्या कपाळाला आठी पडली. पण पहिल्याच दिवशी तंटा नको म्हणून ती गप्प बसली. तिच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसत होती.

संध्याकाळी चिनी गल्लीत चाम्पोनचा वाडगा पुढ्यात आला तेव्हा मात्र राग निवला. कोळंबी, शिंपल्या, डुकराचं मटण, कोबी, खाली जाडसर शेवया आणि वर तो पांढराशुभ्र रस्सा. तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळापर्यंत संपवला.

सकाळी जाग आली तर उशाशी सोडून ठेवलेला झोपायच्या किमोनोचा पट्टा गायब. एका हाताने किमोनो आवळून ती बसली. इतक्यात त्सुयु नावाची लॉजची पोक्त मोलकरीण न्याहारीचं ताट घेऊन आली. ताटात भाताची पेज आणि एक खारवलेलं आंबट फळ. पलीकडच्या दालनातून भाजल्या माशाचा घमघमाट येत होता.

"मला काय ताप आलाय?" ताकिनोने विचारलं.

"हलकं खाल्लेलं बरं असतं, ताई," त्सुयु मायेने म्हणाली. "आणि कसं आहे, आजचा दिवस वाईट वाटला तरी उद्याचा बरा निघतो."

"आजच्या दिवसाला काय धाड भरलीय?"

त्सुयुने नुसता तिचा हात थोपटला. मग ताकिनोला बॅगेत वस्तरा सापडेना. तो मालकीणबाईंनी तिजोरीत ठेवलाय, असं त्सुयुने खाली मान घालून सांगितलं. "आवरताना दिसला हो."

"बंद बॅगेतला वस्तरा आवरताना दिसतो? मला उत्तर हवंय!"

पण मालकीणबाई देवळात गेल्या होत्या. ताकिनोने दात आवळले, कपडे केले आणि बाहेर पडली. सुट्टी तिची होती आणि ती तिला नासवायची नव्हती.

छप्पर घातलेल्या बाजारात तिने कासवाच्या कवचाचा एक कंगवा घासाघीस न करता घेतला. दुकानातल्या आरशात बघते, तर खांबाआड त्सुयु.

"मासळी घ्यायला आले होते," त्सुयु चाचरत म्हणाली. तिच्या हातात टोपली नव्हती, पिशवी नव्हती.

जोडकमानीच्या पुलावर त्सुयु. ट्रामच्या मागच्या दाराशी त्सुयु. कास्तेराच्या दुकानातही ती दाराबाहेर उभी. ताकिनोने तिकडे पाठ केली आणि त्या पिवळ्याधमक केकचा मोठा खोका बांधून घेतला. ताजा, अजून कोमट. खोका उराशी धरून ती धक्क्यावर गेली. बेटांकडे जाणारी बोट सुटत होती, निरोपाच्या रंगीत फिती वाऱ्यावर उडत होत्या, आणि खाली हिरव्या पाण्यात एक छत्रीएवढी जेलीफिश फुगत होती, मिटत होती. असलं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं. नीट दिसावी म्हणून ती कठड्यावरून वाकली.

मागून दोन हातांनी तिच्या कमरेला मिठी मारली. खोका उडाला आणि थेट पाण्यात पडला.

"ताई, नका हो असं करू!" त्सुयु गळा काढून रडत होती. "जीव देऊ नका! अजून आयुष्य पडलंय!"

धक्क्यावरची माणसं धावली. एका हमालाने तर ताकिनोचा पायच धरला.

"सोड माझा पाय, मेल्या!"

"सोडू नका, सोडू नका!" गर्दीतून कुणी ओरडलं.

तेव्हा कुठे ताकिनोच्या डोक्यात उजेड पडला. खालची खोली, पट्टा, वस्तरा, पेज, सगळं. बाई एकटी आली म्हणजे मरायलाच आली, असं या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. संतापाने तिची कानशिलं तापली. खाली कास्तेरा बुडबुडे सोडत बुडत होता.

चौकीत हवालदाराने तिला गोड चहा दिला आणि खांद्यावर घोंगडी टाकली. तिने ती काढून खुर्चीवर ठेवली.

"घरात कोणी पुरुष माणूस?" त्याने हळुवार विचारलं.

"मी केक घेतला, मी जेलीफिश पाहिली. यात पुरुष माणूस कुठे आला?"

"तसं नाही, बाई. कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी ना."

त्याने हिताला फोन लावून तिच्या धाकट्या भावाला, कात्सुझोला, फोनवर बोलावून घेतलं. त्याचा आवाज तिला टेबलापलीकडून ऐकू आला: "तिला सांगा, मी रागावणार नाही. झालं गेलं विसरून घरी ये म्हणावं!"

ताकिनोने फोन हिसकावला. "काय झालं गेलं? लहानपणी तुझं नाक मी पुसलं, आणि तू मला माफ करतोस? फोन ठेव!" आणि तिनेच तो आपटला. हवालदाराच्या हातातली लेखणी तशीच राहिली.

लॉजवर ती चपला न काढताच ओट्यावर उभी राहिली. "माझा वस्तरा. माझा पट्टा. आणि माझी खोली!"

मालकीणबाई गुडघे टेकून बसल्या. रडत नव्हत्या, पण आवाज फाटला होता. "दोन वर्षांपूर्वी अशाच एक बाई आल्या होत्या. एकट्या. वरच्याच खोलीत. लोणच्याचं कौतुक केलं, त्सुयुच्या हातावर बक्षीस ठेवलं, आणि सकाळी..." त्सुयुने तोंडाला पदर लावावा तशी बाही लावली.

त्या बाईचं ताकिनोला खरंच वाईट वाटलं.

"तिचं नाव काय होतं?"

"वहीत असेल..."

"म्हणजे ठाऊक नाही. तिला तरी विचारलं होतं का, बाई, तुम्हाला काय होतंय म्हणून? आणि मला? मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, की मला भूक लागलीय! तो टायवाला एकटा आला, त्याची बॅग उघडली कुणी? त्याला पेज वाढली?"

जिन्यावर तो टायवाला उभाच होता. "मी... मी खालची खोली घेतो," तो पुटपुटला आणि बॅग आणायला वर पळाला.

मालकीणबाईंनी कपाळ जमिनीला टेकवलं. राहण्याचे पैसे घेणार नाही म्हणाल्या. ताकिनोने ते उडवून लावलं. फुकटचं गिऱ्हाईक व्हायला ती आली नव्हती. वरच्या खोलीचं छत कोरडं ठणठणीत होतं. खिडकी उघडली तर सगळं बंदर, गोदीतल्या क्रेनसकट, समोर पसरलेलं. इतकं सुंदर, की एक दिवस बुडवल्याबद्दल तिला नव्याने संताप आला.

दुसऱ्या दिवशी त्सुयु पुन्हा दारापर्यंत मागे आली. ताकिनो गर्रकन वळली.

"यायचं तर शेजारून चाल. शेपटासारखं मागे यायचं नाही."

"मला कामं आहेत, ताई," त्सुयु ओशाळून म्हणाली, आणि आत गेली.

मग ताकिनो एकटीच डोंगरावरच्या रोपवेला गेली. वरून बेटं दिसतात म्हणे. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने मान वर केली, तिच्या मागे कोणी आहे का ते पाहिलं.

"एकट्याच?"

"हो, एकटीच!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की रांगेतली सगळी माणसं वळली. "आणि परतीचंही द्या!"