कौशल्याबाईंच्या पाळणाघरातली सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. अंगावर निळे-तांबडे पट्टे होते. आता तांबडा कुठला, हे मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म सोलापूरकडच्या मागावर झाला. चाकणच्या बाजारातून कौशल्याबाईंनी मला घेतलं आणि आपल्या भाड्याच्या खोलीत अंथरलं. बाई मूळच्या परभणीकडच्या, सातवी शिकलेल्या. आजूबाजूच्या बायका कंपनीत जायच्या आणि त्यांची मुलं बाई सांभाळायच्या. चौदा वर्षं मुलं दुपारची माझ्यावर ओळीनं झोपली. लाळ, दूध, शू, सगळं मी मुरवलं. दर रविवारी बाई मला धुवायच्या. आया म्हणायच्या, "मावशी, तुमच्यामुळं नोकरी टिकली." तेव्हा मला माझंच कौतुक झाल्यासारखं वाटे.

मग पाळणाघरांचे नियम बदलले. तपासायला आलेल्या मॅडम चांगल्या होत्या. चपला काढून माझ्यावरच बसल्या. मुलांच्या खोलीत गॅस नको, म्हणाल्या. ते बरोबरच होतं. बाईंनी आठ दिवसांत गॅस मागे नेला, खिडकीला जाळी बसवली. पण परवान्याला बालशिक्षणाचा डिप्लोमा हवा होता आणि त्याच्याआधी दहावी.

"चौदा वर्षं सांभाळली, ते कुठं लिहू?" बाईंनी विचारलं.

"तसा रकानाच नाही हो, मावशी," मॅडम म्हणाल्या.

परवाना मिळाला नाही, पाळणाघर बंद करावं लागलं. शेवटच्या दिवशी करिष्मा तिच्या दोन वर्षांच्या गणराजला न्यायला आली. "मावशी, ते परवान्याचं नवीन पाळणाघर नऊला उघडतं. माझी कंपनीची बस सहाला येती. याला कुठं ठेवू?"

बाई त्याची पिशवी भरत होत्या. "मला न्हाई सांगता येत, पोरी."

गणराज गावी आजीकडे गेला. करिष्मा आता त्याला फोनवर बघते.

कौशल्याबाई त्याच नव्या पाळणाघरात मदतनीस म्हणून लागल्या. केर, लादी, डबे. मुलांना घ्यायचं नाही. ते शिक्षिकेचं काम. मलाही त्यांनी सोबत नेलं. तिथं रबराच्या रंगीत गाद्या आहेत, म्हणून मला दुमडून दाराशी घातलंय. आधी बूट टोचायचे. आता काही कळत नाही.

परवा दुपारी एक नवं मूल रडायचं थांबेना. तिथल्या शिक्षिका इंद्रायणीताई तेवीस वर्षांच्या, डिप्लोमा केलेल्या. त्यांनी गाणं म्हटलं, खुळखुळा वाजवला. शेवटी त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

"मावशी, घ्या ना याला."

"कॅमेरा हाय, ताई." बाई लादी पुसत राहिल्या.

इंद्रायणीताई मुलाला घेऊन दाराशी आल्या आणि माझ्यावर बसल्या. "मग मला सांगा तरी, काय करू?"

बाईंनी मान वर केली नाही. "कुशीवर घ्या. थोपटू नका. नुसता हात ठेवा, जड."

मूल झोपलं.

ताई हळूच म्हणाल्या, "मावशी, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरा. दहावी मी करून घेते तुमची."

"बघू." चेहऱ्यावर हसू नाही, रडू नाही. बादली उचलून बाई मोरीकडे गेल्या.

मित्रांनो, नियम मुलांसाठीच असतात आणि ते हवेतच. पण उद्या तुमच्यातलं कुणी मोठं होऊन असे नियम लिहायला बसलं, तर माझ्यासारख्या सतरंजीवर एकदा मुलांजवळ बसा. मावशींना जरूर शिकवा. फक्त त्या शिकेपर्यंत त्यांच्या मांडीवरचं मूल काढून घेऊ नका.