सुऱ्यांचं माहेरपण

शेंगांची टोपली फडक्याने झाकून ताई मागच्या दाराने निघाली, तेवढ्यात धाकटा भाऊ पाण्याचा पेला घेऊन आडवा आला. सकाळची गोळी त्याने तिच्यासमोर गिळली आणि सवयीने तोंड उघडून जीभ वर केली. इस्पितळात दोन वर्षं रोज तसं दाखवावं लागे.

“अरे, मी काय नर्स आहे? मिट ते.”

तो ओशाळून हसला, पण बाजूला झाला नाही.

“ताई, भिंतीतून ठकठक येते. रोज. नऊच्या सुमाराला.”

टोपलीची कड तिच्या तळहातात रुतली.

मागेही असंच सुरू झालं होतं. भिंतीत कोणीतरी खिळे ठोकतंय, म्हणायचा. सुतार माणूस, त्याला खिळ्याचा आवाज कोणी शिकवावा? मग एका दुपारी पटाशी घेऊन त्याने शेजारच्या मावशींचं दार फोडलं आणि अडवायला आलेल्या मावशींच्या हातावर ती बसली. कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी इस्पितळात पाठवलं. आता महिनाभराच्या बोलीवर तो घरी आला होता. आज संध्याकाळी इस्पितळाचे अधिकारी तपासायला येणार होते. त्यांच्या कागदावर ताईने भरायचा एक रकाना होता: नसलेले आवाज ऐकू येतात का? तिथे ‘होय’ लिहिलं, की परत इस्पितळ.

“आणखी कोणाला बोललास?”

“आधी तुलाच. लपवलं की वाढतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तू लिही, ताई. मी पिशवी भरून ठेवतो.”

आणि तो खरोखरच कपाटाकडे वळला.

मावशींच्या स्वयंपाकघरात ताई नेहमीच्या जागी उभी राहिली. भाऊ यायच्या आदल्या दिवशी तिने घरातली धारेची प्रत्येक वस्तू, अगदी कात्रीसुद्धा, बांधून ठेवली होती. पण लपवायची कुठे? मावशीच म्हणाल्या, “माझ्याकडे दे. कुठे आहेत ते मला ठाऊक असलं, तर झोप तरी लागेल.” तेव्हापासून ताई रोज भाजी चिरायला इकडे यायची. भावाला सांगायची, मावशींना जरा मदत करून येते.

“या! सुऱ्यांचं माहेरपण काही संपत नाही,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत, जीभ मात्र हवी तशी वळे. “आज तोंडाला कुलूप का गं?”

फळी ओट्यावर ठेवून ताई शेंगा चिरू लागली. सुरी बोथट झाली होती, प्रत्येक शेंगेला जोर लावावा लागत होता. ठक. ठक. फळीची मागची कड दोन्ही घरांमधल्या भिंतीला टेकली होती.

पाचव्या शेंगेला तिचा हात वरच्या वर थांबला. तिने घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं.

तिने सुरी उलटी धरली. मूठ फळीवर तीनदा सावकाश आपटली. थांबली. मग एकदा.

“शेंगांना जागं करतेस की काय?”

“मावशी,” ताई म्हणाली, “ही सुरी घरी नेऊ?”

मग तिने सगळं सांगितलं. मावशी बराच वेळ आपली न वाकणारी बोटं चोळत बसल्या.

“एकच ने,” त्या शेवटी म्हणाल्या. “माहेरवाशिणी एकेक करूनच पाठवाव्यात.”

भाऊ भरलेल्या पिशवीशेजारी बसला होता.

“आज कशी आली ठकठक?”

“नेहमीसारखी,” तो खाली बघत म्हणाला. “मध्येच थांबली. मग तीन, सावकाश. मग एक.”

ताईने सुरीवरचं फडकं सोडलं, फळी भिंतीला टेकवली आणि सुरीच्या मुठीने तीनदा ठोकलं. मग एकदा.

तो भिंतीकडे बघत राहिला. मग सुरीकडे. मग त्याने हात पुढे केला. ताईने मूठ त्याच्याकडे करून सुरी दिली. त्याने पात्यावरून अंगठा आडवा फिरवला.

“केवढी बोथट आहे, ताई! धार असती तर आवाज आला असता का?”

धारेचा दगड शोधायला उठताना त्याने वाटेतली पिशवी पायाने बाजूला सारली.

“बाकीच्याही तिकडेच असतील ना?” त्याने आतून विचारलं. “आण. सगळ्यांना धार लावून देतो.”

तेवढ्यात मावशींच्या बाजूने भिंतीतून ठक आली. एकच.

भाऊ दगड हातात घेऊन दारात थबकला. त्याने ताईकडे पाहिलं.

“आली,” ताई म्हणाली. “मलाही.”