गळ्यापाशी अडलेली लोकर

मी एक जुनी लोकर आहे आणि मी दमले आहे. हे दोन्ही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यात कुरकुर ऐकू आली तर तुम्ही मनाला लावून घेणार नाही. मित्रांनो, जगात एकदाच घडवल्या जाणाऱ्या वस्तू सुखी. मडकं एकदा घडतं, खुर्ची एकदा घडते. माझं तसं नाही. मला विणलं, उसवलं, धुतलं, गुंडाळलं, पुन्हा विणलं आणि पुन्हा उसवलं. माझा रंग एके काळी डाळिंबाच्या दाण्यासारखा होता. आता कसा आहे ते विचारू नका.

मेंढीच्या अंगावरचे दिवस मला आठवत नाहीत. गिरणीत पिंजलं, कातलं, उकळत्या रंगात बुडवलं, एवढं पुसट आठवतं. नीट आठवतं ते नगरच्या कापड बाजारातलं दुकान. तिथे मी लच्छ्या होऊन खिळ्याला लटकत होते. एका संध्याकाळी हेलनबाई आल्या. त्या शाळेत शिकवत. दुकानदाराने पुढ्यात बरेच रंग टाकले, पण त्यांनी मला उचललं आणि गालाला लावलं.

"ही टोचत नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांना टोचणारी लोकर चालत नाही."

'ह्यांना' म्हणजे त्यांचे यजमान, सॅमसन सर. तेही शिक्षकच. घरी गेल्यावर बाईंनी त्यांना समोर बसवलं आणि माझी लच्छी त्यांच्या दोन्ही हातांत अडकवली. सर हात पसरून बसले आणि बाई माझा गोल गुंडा करू लागल्या. सरांना पेपर वाचायचा होता, नाक खाजवायचं होतं, चहाही गार होत होता.

"मला अटक केल्यासारखं वाटतंय," सर म्हणाले.

"जामीन मिळणार नाही. बसा गप," बाई म्हणाल्या.

ते हात उबदार होते. पुढे माझे गुंडे पुष्कळदा झाले, पण तसा मऊ गुंडा परत कधी झाला नाही.

मग माझा स्वेटर झाला. दोन सुलट, दोन उलट अशी किनार, आणि वर साधी वीण. बाईंचा हात भराभर चालायचा. शाळेच्या मधल्या सुट्टीत, दूधवाल्याची वाट पाहताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना त्या विणत. एका जागी मात्र त्या नेहमी थांबत. गळ्यापाशी आलं की हाक मारत, "अहो, इकडे या." सर स्टुलावर बसायचे. बाई टेपने माप घेत नसत. सरांच्या गळ्याभोवती बोटं ठेवून अंदाज घ्यायच्या आणि त्या अंदाजाने टाके कमी करत जायच्या. ही त्यांची पद्धत होती. सर दर वेळी तेच म्हणायचे, "गळा कापायचा विचार नाही ना?" आणि बाई दर वेळी त्यावर हसायच्या. जुन्या विनोदाला हसणारं माणूस घरात असलं की संसार बरा चाललाय असं समजावं.

नगरची थंडी काही लहानसहान नसते. कितीतरी हिवाळे मी सरांच्या अंगावर सायकलवरून शाळेत गेले. खडूच्या भुकटीने पांढरी झाले. "सर, स्वेटर छान आहे," असं पोरं म्हणायची तेव्हा मीच फुगायचे. शेवटी माझे कोपर गेले. बाई म्हणाल्या, नवी लोकर आणू. सर म्हणाले, "नको. हिची सवय झाली आहे." मग मला उसवून बिनबाह्यांचा स्वेटर केला. तोही विरला, तेव्हा पुन्हा उसवून गळपट्टी जोडून परत विणला. तेव्हा मला दमायला झालं नाही. कुणाला तरी आपण हवे आहोत हे कळत असलं की उसवणंसुद्धा सोसतं.

मग सर आजारी पडले आणि वाळत गेले. माझा स्वेटर त्यांच्या अंगावर लोंबू लागला. बाईंनी मला उसवलं आणि लहान मापाला घेतलं. त्यांच्या पलंगाशेजारी बसून पाठ पुरी केली, पुढचा भाग सुरू केला. बगलेपर्यंत आल्या, छातीपर्यंत आल्या. गळ्याचं माप घ्यायचं त्या आठवड्यात सर कायमचे प्रभूमध्ये झोपी गेले.

मित्रांनो, खरी दमछाक तिथून सुरू झाली.

नाताळ जवळ आला की बाई मला बाहेर काढत. पाठ तशीच ठेवत, पुढच्या भागाचे टाके पुन्हा सुईवर घालत आणि विणत वर येत. गळ्यापाशी आलं की हात थांबायचा. स्टूल समोरच असायचं. बाई त्याच्याकडे बघत बसायच्या. मग म्हणायच्या, "वीण ढिली झालीय." असं म्हणून टोक शोधायचं आणि सर्रकन ओढायचं. वीण ढिली नव्हती. माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? गुंडा करायला आता सरांचे हात नव्हते, म्हणून मला खुर्चीच्या पाठीला अडकवत. खुर्ची बोलत नाही, तिचा चहा गार होत नाही.

असे किती हिवाळे गेले ते मी मोजलं नाही. मी झिजत गेले, जागोजागी तुटले, गाठी मारून मला जोडलं गेलं. आणखी एकदा उसवलं तर माझा धागा उरणार नाही, नुसता भुगा उरेल हे मला कळत होतं. बाईंना बहुधा कळत नव्हतं. किंवा कळत होतं आणि हात ऐकत नव्हता.

बाईंच्या सुनेचं नाव ग्लोरिया. तिने सासूला घराबाहेर काढलं, म्हणजे चांगल्या अर्थाने. दर शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बायका जमतात, तिथे ती त्यांना नेऊ लागली. कुणी विणतं, कुणी क्रोशाने रुमालाला लेस करतं, कुणी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवतं. एकीची उरलेली लोकर दुसरी नेते, दुसरीची बटणं तिसरी उचलते. चहा आणि खारी असते. एकमेकींच्या विणीला नावं ठेवण्याचा कार्यक्रम तर चहाहून गरम असतो. पिशवीत पडल्या पडल्या मी ते ऐकायचे आणि मला बरं वाटायचं.

तिथे चांगुणाबाई आल्या. त्या हिवरे बाजारकडच्या. मुलगा नगरला टेम्पो चालवतो म्हणून त्याच्याकडे राहायला आलेल्या, हेलनबाईंच्या शेजारच्याच घरात. गावाकडे शेत आणि गाई होत्या, इथे हाताला काम नाही. म्हणून त्यांनी गच्चीवर गोधडी पसरली आणि टाके घालायला घेतले. ग्लोरियाने ते पाहिलं आणि त्यांना हॉलमध्ये घेऊन आली. सगळ्या विणणाऱ्यांत ही एकटी गोधडीवाली. पहिले काही शनिवार त्या कोपऱ्यात बसून नुसत्या मान डोलवत.

एकदा मेरीताईंनी टूम काढली. मेरीताई म्हणजे सॅमसन सरांची धाकटी बहीण, हेलनबाईंची नणंद. त्या म्हणाल्या, "आपल्या प्रत्येकीच्या कपाटात काहीतरी अर्धवट पडलंय. ते पिशवीत घालून आणा. अदलाबदल करू. एकीचं अडलेलं दुसरीने पुरं करायचं आणि महिन्याने जिचं तिला परत द्यायचं. पण मध्ये विचारायचं नाही आणि सूचना द्यायच्या नाहीत. नाहीतर आपण महिनाभर भांडतच बसू."

तेव्हा मी पुन्हा गळ्यापाशी आले होते. हेलनबाईंनी त्या आठवड्यात मला पिशवीत घातलं.  मग मेरीताईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "निळ्या पट्ट्यांची पिशवी माझी आहे. तूच उचल. फक्त गळा राहिलाय. तुझ्या दादाचा गळा तुला आठवत असेल."

"आठवतो, वहिनी," मेरीताई म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मलाही हायसं वाटलं. अखेर माझा गळा होणार होता.

पण स्वभावाला औषध नाही. टेबलावर पिशव्या मांडल्या गेल्या आणि हेलनबाई आपणच बोलून गेल्या, "चांगुणाबाई नव्या आहेत. पहिला मान त्यांचा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चांगुणाबाई लाजत पुढे आल्या आणि त्यांनी नेमकी निळ्या पट्ट्यांची पिशवी उचलली. मेरीताईंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मेरीताईंकडे पाहिलं. मान दिल्यावर तो परत कसा घ्यायचा? 

घरी जाऊन चांगुणाबाईंनी मला सुईवरून काढून मांडीवर पसरलं.

"पूजा, हे काय हाय गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"स्वेटर दिसतोय अर्धा. आत्या, शेजारी हेलनबाईंना विचारा की."

"मधी इचारायचं न्हाई असं ठरलंय. आन् मला इणता येत न्हाई हे त्यास्नी ठावंच हाय. गोधडीवाली म्हणून बोलावलंय, तर गोधडीच करीन." मग त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. "लई झिजलंय गं बिचारं. किती डाव उसवलं आसंल! आता ह्याला उसवायचं न्हाई."

आणि त्यांनी कात्री घेतली.

मित्रांनो, विणलेल्या वस्तूला कात्रीइतकी भीती कशाचीच नसते. लोकर चुकली तर उसवतात. ती कापत नाहीत. कापली की प्रत्येक टाका सुटा होतो आणि सगळं संपतं. पण चांगुणाबाईंच्या घरी लुगडं विरलं की ते फाडायचं आणि जोडायचं, हीच रीत. त्यांनी आधी माझ्यावर दाट टाक्यांच्या चौकटी शिवल्या आणि मग चौकटीच्या कडेने मला कापलं. प्रत्येक तुकड्याची कड दुमडून पुन्हा पक्की केली. खाली आपल्या जुन्या लुगड्याचे थर घातले आणि बारीक धावदोऱ्याने सगळं एकजीव केलं. शेवटी माझा एक तुकडा उरला, तो गोधडीच्या मधोमध, थरांच्या पोटात घातला. "गोधडी उपाशी ठिवू न्हाई," त्या म्हणाल्या. भीतीने माझा जीव अर्धा झाला होता, तरी तो उबदार हात मला सरांच्या हातांसारखा ओळखीचा वाटला. त्याला घाई नव्हती.

महिन्याने सगळ्या पुन्हा जमल्या. कुणाचं टोपरं झालं होतं, कुणाचा रुमाल. मेरीताईंच्या वाट्याला चांगुणाबाईंची अर्धी गोधडी आली होती आणि त्यांचे टाके असे वाकडे गेले होते की त्यांनी आपणच ते सर्वांना दाखवून हसवलं. मग चांगुणाबाईंनी निळ्या पट्ट्यांची पिशवी उघडली.

आतून गोधडी निघाली.

"अहो, लोकर कापली?" मेरीताई जवळजवळ ओरडल्याच. "विणलेलं कधी कापतात का? माझ्या दादाचा स्वेटर होता तो!"

चांगुणाबाईंचा चेहरा उतरला. "कापायचं नसतंय व्हय? आमच्यात तर कापल्याबिगर गोधडीच हुत न्हाई. मला काय ठावं, बाई, कुनाचं हाय ते." त्यांनी घाईघाईने मला आपल्याकडे ओढलं. "चुकलं माझं. द्या, उसवून देते. समदे टाके काढते."

मी गोठले. उसवणं हा शब्द मला पुन्हा ऐकायचा नव्हता. या वेळी उसवलं तर माझा स्वेटरही होणार नव्हता आणि गोधडीही राहणार नव्हती. मी हेलनबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

 हेलनबाईंनी मला मांडीवर घेतलं आणि त्यांची बोटं सवयीने माझं टोक शोधू लागली. इतक्या हिवाळ्यांत त्या बोटांना ती वाट पाठ झाली होती. या कडेला पाहिलं, त्या कडेला पाहिलं. टोक नव्हतं. पुन्हा एकदा सावकाश सगळ्या चौकटींवरून बोटं फिरली. टोक कुठेच नव्हतं.

तेव्हा त्या रडल्या. सर गेले त्या दिवशीही त्या चारचौघांत रडल्या नव्हत्या. ग्लोरिया धावली, पण त्यांनी तिला हातानेच थांबवलं. चांगुणाबाई तर अपराध्यासारख्या उभ्या होत्या.

"बाई, देता का? उसवते मी," त्या पुन्हा म्हणाल्या.

"नको," हेलनबाई म्हणाल्या. "आता उसवायचं नाही. मला खूप दमायला झालंय, चांगुणाबाई. हिलाही झालं असेल."

मेरीताई खाली बसल्या आणि वहिनीचा हात धरून राहिल्या. जरा वेळाने त्यांनीच सगळ्यांना चहा दिला आणि पहिला कप चांगुणाबाईंच्या हातात ठेवला. पुढच्या शनिवारपासून चांगुणाबाई कोपऱ्यात बसेनाशा झाल्या. त्या मेरीताईंच्या शेजारी बसतात, त्यांचे वाकडे टाके काढायला लावतात आणि स्वतः सुलट-उलट शिकताना शिव्या खातात.

मित्रांनो, मी काही शहाणी नाही. पण एवढं सांगते. तुमच्या घरी कुणाच्या आठवणीचं काही असेल तर ते जपा. मात्र जपायचं म्हणून रोज उसवत बसू नका. वस्तूही दमते आणि माणूसही दमतं. तुमच्याकडून पुरं होत नसेल तर विश्वासाने दुसऱ्याच्या हाती द्या. तो हात कात्री घेऊन आला तरी लगेच ओरडू नका.

त्यानंतरच्या रविवारी हेलनबाई उपासनेहून घरी आल्या. जेवण झालं. खिडकीतून ऊन येत होतं, पण हवेत गारठा होता. त्यांनी स्टुलावर ठेवलेली गोधडी उचलली आणि पलंगावर आडव्या झाल्या. मला पायांवर घेतलं, पोटावर घेतलं, छातीपर्यंत आणलं. तिथे त्यांचा हात थांबला. सर गेल्यापासून मी तिथून कधी पुढे गेले नव्हते. मग त्यांनी डोळे मिटले आणि मला गळ्यापर्यंत ओढून घेतलं.