माझ्याकडे ठेवलेला आवाज

मी एक जुना संगणक आहे. तैवानमधल्या एका हातबाहुल्यांच्या मंडळीबरोबर टेम्पोतून गावोगाव हिंडण्यात माझं आयुष्य गेलं. अंगावर पोचे पडलेत, पण मित्रांनो, एके काळी माझा काय तोरा होता! मंडळीचे मालक ल्यू बाबा चाळीस बाहुल्यांना एकट्याच्या गळ्यातून बोलतं करायचे. राजा, चोर, खाष्ट सासू, सगळे तेच. त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा त्यांनी अकरा दिवस बसून सगळे संवाद माझ्यात साठवले. मग त्यांचा आवाज कायमचा गेला. पुढे देवळापुढच्या खेळात ते बाहुल्या नाचवायचे आणि मी बोलायचो. टाळ्या पडल्या की मलाच उगाच फुगल्यासारखं व्हायचं.

यंदा मी भर खेळात अडखळू लागलो. बाबांची मुलगी शुए-लान हिनं माझ्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालायचं ठरवलं. पोर जपून वागणारी. आधी तिनं सगळे आवाज दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. मग काम सुरू केलं. एकसष्ट टक्क्यांवर माझा पडदा निळा झाला आणि सगळं पहिल्यापासून. असं चार वेळा झालं.

माझ्यातली रॅमची पट्टी, जिच्यातून माझी सगळी ने-आण चालते, ती बिघडली होती. निळ्या पडद्यावर मी तेच लिहून सांगत होतो. पण आमच्याकडे यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्यावर हिरव्या पुडीतला मक्याचा खाऊ ठेवतात, आणि सगळ्यांचं लक्ष त्या पुडीकडे गेलं.

"अगं, तारीख बघ हिची!" ढोलवाले हुंग काका म्हणाले. "गेल्या महिन्यातच उलटलीय. त्याला शिळं खाऊ घालतेस आणि वर राब म्हणतेस?"

"तरीच! काका, पळत जाऊन नवी आणा ना."

"पळत? माझीच तारीख उलटायला आलीय, बाई!"

बाबासुद्धा हसले, आवाजाशिवाय. नवी पुडी आली. मी पुन्हा एकसष्टवर कोसळलो.

"आत जुना कचरा साठलाय याच्या," शुए-लान वैतागून म्हणाली. "सगळं पुसून टाकते. आवाज उतरवलेत मी."

तोवर बाबांचे मूळ आवाज माझ्यात सुखरूप होते. मला ओरडावंसं वाटलं, पण निळं होण्यापलीकडे मला काय येतं? तिनं मला कोरं केलं. तरीही मी कोसळलोच. शेवटी मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं, तिथल्या दुकानदारानं निळ्या पडद्यावरची ओळ वाचली आणि पट्टी बदलली. काम सरळ शंभरावर गेलं.

शुए-लाननं उतरवलेले आवाज आनंदानं लावले. नुसती खरखर. राजाची खरखर, चोराची खरखर. नक्कल करताना प्रत्येक शब्द माझ्या त्या नासक्या पट्टीतूनच गेला होता, आणि मी तो नासवून पुढे दिला होता.

"बाबा, मी नीट उतरवलं होतं हो... एकदा लावून ऐकलं असतं तर..."

बाबांनी पाटीवर लिहिलं, "तुझी चूक नाही. त्याचीही नाही." मग त्यांनी सासूची बाहुली हातात चढवली आणि तिच्या छोट्या हातानं लेकीचे डोळे पुसले. बाहुली काही बोलली नाही. हुंग काका ढोल उचलून बाहेर निघून गेले.

मित्रांनो, यंत्र कोसळतं तेव्हा ते काय लिहितंय ते आधी वाचा. आणि जिवाभावाच्या गोष्टीची नक्कल केलीत, तर मूळ पुसण्याआधी ती एकदा ऐकून बघा. मला बोल लावा, तो माझाच आहे. आता मी अगदी सुरळीत चालतो, एकदाही बंद पडत नाही. ऐकवायला मात्र माझ्याकडे काहीच नाही.