उजव्या रकान्यातली चार मिनिटं

फॉर्म अकरा दिवस फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होता, आणि त्याच्याबरोबर माझा जीवही. लष्कराच्या भरतीचा फॉर्म. ठकी सतरा वर्षांची, म्हणून आईबाप दोघांच्या सह्या हव्या होत्या. नवऱ्याने पहिल्याच दिवशी सही ठोकली आणि "आता तू आणि तुझी लेक बघून घ्या" म्हणून मोकळा झाला. मुदत शनिवारी दुपारी एकपर्यंत. साधं पाणी प्यायला फ्रिज उघडायचीही मला चोरी झाली होती.

बरं, राग काढायचा तरी कुणावर? हे खूळ घरात आणलं मीच.

मी एका वाहिनीत परदेशी मालिका तपासते. मालिका घ्यावी का, घेतली तर काय कापावं, हे एका पानात लिहून द्यायचं. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे जमेच्या बाजू, उजवीकडे लंगड्या. साहेब डावा रकाना वाचतच नाहीत. उजवीकडे 'कापावं' असं जिथे लिहिलेलं असेल, तेवढं ते संकलकाकडे पाठवतात. ऑफिसात मला 'कात्री' म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणून चालतं.

चार वर्षांपूर्वी 'सातवी तुकडी' आली. सव्वीस भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका; पाचमजली यंत्रमानव आणि त्यांच्या छातीत बसून लढणारे सैनिक. मी नाक मुरडतच बघायला बसले आणि दुसऱ्या भागाला खुर्चीत सरसावून बसले. डावा रकाना भरभरून लिहिला. यंत्रांना वजन आहे; पाऊल पडलं की जमीन खचते. तेल संपतं, सुटे भाग वेळेवर येत नाहीत, सैनिक रांगेत उभ्या उभ्या पेंगतात. शत्रूलाही घरून पत्रं येतात. उजवीकडेही काही कमी नव्हतं. पंधरा वर्षांचं पोर दोन मिनिटं पुस्तिका चाळतं आणि सगळ्यात मोठं यंत्र चालवायला लागतं. ऐन गोळीबारात सगळे थांबून भाषणं ठोकतात. मुलींचे गणवेश कुठल्या शिंप्याने शिवले देव जाणे. मधले पाच भाग नुसत्या आठवणींचे, आणि शेवट असा गुंडाळलाय, जणू लेखकाची गाडी चुकत होती. कापून तयार झालेली मालिका मीच कौतुकाने ठकीला घरी आणून दिली. तेव्हापासून तिने ती किती वेळा पाहिली, ते मोजायचं मी सोडून दिलंय.

शुक्रवारी संध्याकाळी ठकी जेवणाच्या टेबलावर मिक्सर उघडून बसली होती. स्क्रू एका वाटीत, वॉशर दुसऱ्या वाटीत. मी समोर बसले आणि उजवा रकाना तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली.

"अगं, दोन मिनिटांत कुणी यंत्र शिकत नाही. खऱ्या लढाईत भाषणाला कुणी थांबत नाही. ते सगळं लटकं आहे, ठके."

"माहितीये मला. पण आई, मला कुठे यंत्रात बसायचंय?"

"म्हणजे?"

"मला मिस्त्री व्हायचंय. तो नाही का, गुडघ्याचे बोल्ट आवळणारा? यंत्र परत आलं की आधी त्याच्या गुडघ्याला हात लावून बघतो तो. मालिकेत तेवढंच खरं वाटतं मला. भरतीनंतर शाखा मागता येते, मी तीच मागणार."

अकरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या जिवात जीव आला. मिस्त्री! म्हणजे मागे, छपराखाली, हातात पाना. मी उठून फॉर्म काढलासुद्धा, पेनचं टोपण उघडलं.

"तो एकदाही लढायला जात नाही बघ," ठकी मिक्सरचं पातं पुसत म्हणाली. "उगाच घाबरतेस. त्याला काहीच होत नाही."

"शेवटच्या भागात असतो का गं तो?"

"नाही. एकोणिसाव्यानंतर दिसत नाही. बदली झाली असेल."

कागदाला टेकवलेलं पेन मी उचलून घेतलं. बदली झाली नव्हती. एकोणिसाव्या भागात मिस्त्री मरतो, आणि ते मरण मी कापलं होतं.

"पेन चालत नाहीये का?" तिने विचारलं.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर ऑफिसात चल," मी म्हणाले. "मग करते सही."

शनिवारी ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. आमची बघायची खोली म्हणजे भिंतींना फोम, एक पडदा आणि दोन खुर्च्या, त्यातली एक हलणारी. हलणारीवर मी बसले. मूळ प्रत शोधून लावली. खरं सांगते, मनात माया नव्हती त्या वेळी. पोरगी घाबरावी, रडावी आणि फॉर्म फाडून टाकावा, एवढंच मला हवं होतं.

चार मिनिटांचा प्रसंग. संगीत नाही. मिस्त्री यंत्राच्या गुडघ्याखाली वाकून बोल्ट आवळतोय. एक, दुसरा, तिसरा. कपाळ पुसतो. चौथा. बाहेर कुठेतरी लांब काहीतरी पडतं. तो वर बघतो, पुन्हा खाली वाकतो. पाचव्या बोल्टला छप्पर खाली येतं. भाषण नाही, कुणाचं नाव घेणं नाही. धूळ बसते तेव्हा बोल्टला अडकलेला पाना तेवढा दिसतो.

ठकीने मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला हवं होतं तेच झालं होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

"हे का कापलं?"

"मी सांगितलं म्हणून."

"काय सांगितलंस?"

कपाटातल्या फाइलीतून ते पान काढून मी तिच्या हातात दिलं. तिने उजवा रकाना मोठ्याने वाचला. "भाग एकोणीस. मिस्त्रीचा मृत्यू. चार मिनिटं काहीच घडत नाही. कापावं. प्रेक्षकाच्या लक्षातही येणार नाही."

तिने त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझ्या खरंच लक्षात आलं नाही गं, आई," ती म्हणाली. "इतक्या वेळा पाहून."

मला रडू फुटलं. लेकीसमोर, त्या हलणाऱ्या खुर्चीत, अगदी हमसून.

"घाबरलीस ना?" मी विचारलं.

"खूप."

"मग नको ना जाऊस, बाई."

"तसं नाही म्हणाले मी." तिने दप्तरातून फॉर्म काढला आणि त्या पानावर ठेवला. "सही कर. मग जायचं की नाही ते मी ठरवीन. तू सही नाही केलीस, तर हेही तूच कापलंस असं होईल."

साडेबारा वाजत आले होते. मी सही केली. इतकी वाकडी सही मी आयुष्यात केली नसेल. तिने फॉर्मची घडी घातली नाही, सपाटच दप्तरात सरकवला, माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि जिना उतरून गेली.

मी खिडकीशी धावले. चौकातून डावीकडे गेली तर घर, उजवीकडे भरतीचं कार्यालय. ठकी सिग्नलपाशी थांबली. दिवा हिरवा झाला, माणसं तिला वळसा घालून पुढे गेली, ती तिथेच. दिवा पुन्हा लाल झाला. मी मनातल्या मनात म्हणत होते, डावीकडे, डावीकडे वळ गं माझे बाई. ती खाली वाकली, बुटाची नाडी सोडून पुन्हा घट्ट बांधली, दुसरीही तपासली आणि पुढच्या हिरव्या दिव्याला उजवीकडे वळली.

मी आत आले. पान तसंच पडलं होतं. मगाचचंच पेन घेतलं आणि आता कुणी वाचणार नाही हे ठाऊक असूनही डाव्या रकान्यात, सगळ्यात खाली लिहिलं: भाग एकोणीस. मिस्त्री. चार मिनिटं. यातलं काहीही कापू नये.