ढोलाच्या मशीनवरची जोडी

सिनेमाघराच्या वरच्या मजल्यावर गेम पार्लर आहे आणि त्याच्या कोपऱ्यात ढोलाचं मशीन. गाणं लागतं, पडद्यावरून लाल-निळे गोळे खाली येतात, गोळा रेघेला टेकला की समोरच्या ढोलावर काठी मारायची. मशीन तिथल्या तिथे निकाल लावतं: अचूक, लवकर किंवा उशीर. खेळ एवढासाच, पण खेळायच्या तऱ्हा विचारू नका. कॉलेजची पोरं उड्या मारत खेळतात. गोळा चुकला तरी उडी चुकत नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई खांद्यावरची पिशवी न उतरवता एकाच हाताने वाजवतात. एक जाडा ट्रकड्रायव्हर ढोलावर असा तुटून पडतो, की ढोलाने त्याचं काय घोडं मारलंय असा प्रश्न पडावा. आणि एक गृहस्थ दोन्ही बाजूंची टोकनं स्वतःच घालून दोघांचा खेळ एकटेच खेळतात. त्यांना जोडीदार मिळत नाही की कुणाशी पटत नाही, देव जाणे.

या सगळ्यांत मान चष्मेवाल्याचा. खाली रस्त्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान. पाय रोवलेले, मान ताठ, नजर रेघेवर आणि कानात कापसाचे बोळे, अशा थाटात तो उभा राहायचा. गोंगाटाने लक्ष उडतं म्हणे. गाण्याच्या खेळात कान बंद करून खेळणारा प्राणी हा एकच, पण पहिला नंबर त्याचाच होता, तेव्हा हसणार कोण?

त्याची जोडीदार म्हणजे त्याची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. कुरिअरच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून त्यांच्याकडे राहायला आलेली. तिच्या हातात काठ्या दिल्या त्यानेच. तिची तऱ्हा अगदी उलटी. हात ढोलावर, डोळे भलतीकडे. बुटाची नाडी सुटली का बघायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून मान हलवायची, एकदा तर पडद्याकडे पाठ करून अख्खं गाणं वाजवलं होतं. चष्मेवाल्याला हा पोरकटपणा वाटायचा. पण त्याला सख्खं भावंड नव्हतं, आणि दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून झाल्यावर तिच्या शेजारी उभं राहण्याचा तो तास त्याला फार आवडायचा. येत्या रविवारी पार्लरमध्ये जोड्यांचा सामना होता. दोघांनी नाव दिलं होतं.

त्याच सुमारास पडदा बिघडला. मशीनच्या मिस्त्रीने नवा बसवला, मोठा आणि झगझगीत. संध्याकाळी चष्मेवाला खेळायला उभा राहिला, तर प्रत्येक काठीला मशीन म्हणतंय उशीर. तो घामाघूम झाला. शेजारी मेहुणी मात्र छताकडे बघत वाजवतेय आणि तिला एकामागून एक अचूक.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याने बाजू बदलून घेतली, तरी तेच. बाकीचे सोप्या पातळीवर खेळणारे. त्यांना थोडं मागेपुढे झालेलं मशीन चालवून घेतं, त्यामुळे तक्रार कुणाचीच नाही. त्याने पडद्याबद्दल शंका काढली तेव्हा ड्रायव्हर सगळ्यांदेखत म्हणाला, नाचता येईना, अंगण वाकडं. लोक खो खो हसले. मेहुणीही हसली, आणि ते हसू त्याच्या काळजात रुतलं.

मग माणसाचं होतं तेच झालं. एकदा संशयाचा चष्मा चढला की सगळं त्याच रंगाचं दिसतं, हे चष्मेवाल्याला कोण सांगणार? मिस्त्री आणि मेहुणी मशीनमागे हळू आवाजात बोलताना दिसले. मिस्त्रीने तिला चहा पाजला. हा जवळ गेल्यावर दोघं एकदम गप्प झाले, निदान त्याला तरी तसं वाटलं. कानामागून आली आणि तिखट झाली, तो मनात म्हणाला. रविवारआधी आपल्याला जोडीतून काढायचं, मिस्त्रीला घ्यायचं, हाच यांचा बेत. घरी तो तिच्याशी बोलेनासा झाला. बायकोने कारण विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाला.

शुक्रवारी मेहुणी आंघोळीला गेली असताना त्याने तिची पर्स उघडली. हे वाईट आहे हे त्याला कळत होतं, हात थांबला नाही एवढंच. आत एक छोटी किल्ली होती, मशीनच्या मागच्या दाराची. मिस्त्रीच्या जुडग्यात त्याने ती शंभरदा पाहिली होती.

संध्याकाळी पार्लर भरलेलं असताना त्याने ती किल्ली सगळ्यांसमोर वर धरली.

"ही हिच्या पर्समध्ये सापडली," तो म्हणाला. "मी का हरतोय ते आता कळलं का?"

मेहुणी आधी किल्लीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे.

"तुम्ही माझी पर्स उघडलीत, भावोजी?"

उत्तर दिलं मिस्त्रीने, तेही वैतागून. नवा पडदा चित्र जरा मागाहून दाखवतो, तो म्हणाला. गाणं वेळेवर वाजतं, गोळा उशिरा पोचतो. कानाने खेळणाऱ्याला काही फरक पडत नाही, डोळ्याने खेळणारा मार खातो. ही गोष्ट तिच्याच लक्षात आली आणि भावोजींचं काहीतरी करा म्हणून ती रोज त्याच्या मागे लागली होती. आत गोळे आधी सोडायची सोय आहे, पण मशीन बंद झालं की ती वेळ पुन्हा जुळवावी लागते. तो रविवारी दुसऱ्या गावी कामावर जाणार, म्हणून किल्ली तिला दिली.

"मग मला सांगायचं नाही?" चष्मेवाल्याने विचारलं. आवाज खाली आला होता.

"सांगितलं की. परवा, इथेच, तुमच्या शेजारी उभी राहून," मेहुणी म्हणाली. "तुम्ही मान डोलावलीत."

कानात बोळे असताना तो सगळ्यांनाच मान डोलवायचा. घरी सांगावं तर हा तोंड फिरवून बसलेला. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि जी ते सरळ करायला निघाली तिलाच त्याने चोर ठरवलं होतं. मेहुणीने त्याच्या हातातून किल्ली घेतली, मिस्त्रीला दिली आणि जिना उतरून निघून गेली.

मिस्त्रीने दार उघडून गोळ्यांची वेळ जुळवली आणि आता रविवारपर्यंत मशीन बंद करू नका, असं पार्लरवाल्याला बजावलं. जाता जाता तो चष्मेवाल्याला एवढंच म्हणाला, "ती तुमचे ठोके तोंडाने बोलते, माहितीये ना? स्वतःचे हाताने वाजवते आणि तुमचे पुटपुटते. डावा, उजवा, थांब. तुमचा एखादा चुकला तर हळहळते बिचारी. आम्ही रोज ऐकतो."

त्याला माहीत नव्हतं. त्याला कसं माहीत असणार?

घरी त्याने माफी मागितली, बायकोसमोर, अगदी हात जोडून. बायको त्याला नको नको ते बोलली आणि तो ऐकून घेत राहिला. मेहुणी फक्त "बरं" म्हणाली. ऑफिसजवळ खोली बघतेय, असं तिने नंतर ताईला सांगितलं.

रविवारी ती आली. नाव दिलंय, मागे कशाला हटायचं, म्हणाली. चष्मेवाल्याने त्या दिवशी बोळे घातले नव्हते. गाणं सुरू झालं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने ते नीट ऐकलं. चांगलं गाणं होतं. गोळे रेघेवर वेळेवर टेकत होते आणि मशीन त्याला अचूक म्हणत होतं. पण त्याचं अर्धं लक्ष उजव्या कानात होतं, मेहुणी उभी होती त्या बाजूला.

मध्येच त्याने चोरून तिच्याकडे पाहिलं. कुणी बोट दाखवायला नको म्हणून ती आज पाय रोवून, मान ताठ करून, रेघेवर नजर लावून खेळत होती. ओठ घट्ट मिटलेले. त्याचा एक ठोका चुकला. ड्रायव्हरने शिट्टी मारली, पोरं ओरडली, बँकेच्या बाई अरेरे म्हणाल्या. हे सगळं त्याला स्पष्ट ऐकू आलं. शेजारून काहीच आलं नाही.